आफ्रिकेचं कापड, जे आफ्रिकेत जन्मलंच नाही

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द मुद्दाम तसेच ठेवलेत, फक्त माझं खोकणं आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात.)



ऐकता ऐकता एक काम करा. फोनवर 'आफ्रिकन प्रिंट' असं टाइप करा आणि फोटो बघा. लोकलमध्ये एका हातानं लटकत असाल तर राहू द्या, काय दिसेल ते मीच सांगते. गडद निळा, हळदीसारखा पिवळा, विटकरी. मोठमोठी वर्तुळं, पक्षी, पंखे, डोळे. आणि नीट बघितलंत तर रंगाच्या मधून गेलेल्या बारीक बारीक वेड्यावाकड्या रेषा, जुन्या कपबशीला तडे जातात ना, तशा. लग्नातल्या बायका हेच नेसलेल्या, फॅशन शोमध्ये हेच. एखाद्या सिनेमात 'चला, आपण आता आफ्रिकेत आलो' हे दोन सेकंदांत दाखवायचं असेल तरी हेच कापड पुढे येतं.

आणि हे कापड आफ्रिकेत जन्मलेलंच नाही. त्याची मूळ कल्पना जावा बेटावरची, म्हणजे आजच्या इंडोनेशियातली. ते बनलं हॉलंडच्या कारखान्यांत, पुढे मँचेस्टरजवळही. आणि खपलं पश्चिम आफ्रिकेत. लंडनमध्ये शिकणाऱ्या एका मुलाला ही गोष्ट बाजारात एका दुकानदाराशी बोलताना कळली, आणि त्यानं त्या एका कापडावर पुढची तीस-पस्तीस वर्षं काम केलं. त्याचं नाव यिंका शोनिबारे. आजचा भाग त्या कापडाचा आणि त्या माणसाचा.

शोनिबारेचा जन्म १९६२ चा, लंडनमधला. तो तीन वर्षांचा असताना घरचे लोक नायजेरियाला, लागोसला परतले. नायजेरिया तेव्हा नुकताच स्वतंत्र झालेला, १९६० साली. वडील वकील. घरात योरुबा भाषा, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर अमेरिकन आणि ब्रिटिश कार्यक्रम. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखंच की, घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो शिकायला परत इंग्लंडला आला. आर्ट स्कूल सुरू होतं न होतं तोच त्याला मज्जारज्जूचा एक दुर्मीळ आजार झाला आणि सगळं शरीर लुळं पडलं. हळूहळू बरंचसं परत आलं, पण एक बाजू कायमची अधू राहिली. आजही तो व्हीलचेअर वापरतो आणि मोठी कामं सहाय्यकांच्या हातांनी करून घेतो. हे सांगितलं, पण त्याच्या कामाची गोष्ट इथून सुरू होत नाही. ती सुरू होते एका प्रश्नापासून.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. सोव्हिएत रशियात गोर्बाचेव्ह यांचं पेरेस्त्रोइका चाललेलं, सगळ्या जगाचं लक्ष तिकडं. शोनिबारेही त्याच विषयावर काहीतरी करत होता. त्याचे एक शिक्षक आले, काम बघितलं आणि त्यांनी विचारलं: तू मूळचा आफ्रिकेचा ना? मग अस्सल आफ्रिकन कला का नाही करत?

हा प्रसंग शोनिबारेनं पुढे अनेक मुलाखतींत सांगितलाय. तो म्हणतो, मी चक्रावलो. लागोससारख्या महानगरात वाढलेला मुलगा. 'अस्सल आफ्रिकन' म्हणजे त्यानं नेमकं काय करायचं? मुखवटे?

इथं मला माझं एक सांगू द्या. मी लातूरची. पुण्यात डिझाइन शिकत होते. दुसऱ्या वर्षी मी बसथांब्यांच्या पाट्यांवर प्रोजेक्ट केलं होतं. अक्षरं केवढी असावीत, रात्री दिसतात का, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय नंबर वाचता येतो का, असलं सगळं. महिनाभर थांब्याथांब्यांवर उभी राहून लोकांना विचारलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन मिनिटं चाळलं आणि म्हणाले, "तू लातूरकडची ना? मग यात मातीचा वास कुठंय?" माझ्या शेजारच्या टेबलावर कोथरूडचा एक मुलगा जपानी पोस्टर्सवरून काम करत होता. त्याला कुणी कोथरूडच्या मातीचा वास विचारला नाही. आणि मी काय केलं असेल? रात्रभर बसून पाटीच्या कडेनं वारली बायका नाचवल्या. वारली! डहाणू-पालघरची कला, लातूरपासून महाराष्ट्राचं दुसरं टोक. मार्क चांगले पडले, ते जास्त लागलं. ती पाटी अजून माझ्या माळ्यावर आहे, आणि मी ती कुणाला दाखवत नाही.

त्यामुळं शोनिबारेची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्या प्रश्नाचं यानं केलं काय?

तो गेला ब्रिक्स्टनच्या बाजारात. दक्षिण लंडनमधला हा भाग, कॅरिबियन आणि आफ्रिकन लोकांच्या वस्तीचा. तिथं कापडाच्या दुकानांत हेच रंगीबेरंगी ताके रचलेले असतात. हवंय ना तुम्हाला आफ्रिकन, घ्या, अशा तिरीमिरीत तो गेला असावा असं आपलं मला वाटतं. पण दुकानदाराशी बोलताना कळलं की हा माल येतो हॉलंडहून. त्याचं नावच मुळी 'डच वॅक्स'.

आता या कापडाकडं नीट बघू, कारण खरा इतिहास इथंच आहे.

बाटिक तुम्हाला माहीत असेल, शाळेत एखाद्या रुमालावर केलंही असेल. वितळलेलं मेण कापडावर लावायचं, मग कापड रंगात बुडवायचं. जिथं मेण तिथं रंग चढत नाही. मेण काढलं की नक्षी उरते. जावामध्ये हे काम तांब्याच्या चिमुकल्या तोटीच्या लेखणीनं करतात. बारीक काम असेल तर एका कापडाला महिने लागतात. जावा डचांच्या ताब्यात होतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कारखानदारांनी हिशेब केला: हे लोक हातानं महिनोन् महिने घालवतात, आपण यंत्रावर तेच छापलं आणि त्यांनाच स्वस्तात विकलं तर? आपल्याला हा हिशेब नवा नाही. मँचेस्टरनं हिंदुस्थानातल्या विणकरांच्या बाबतीत हेच केलं होतं.

हॉलंडमधल्या हेल्मोंड गावात १८४६ साली एक कारखाना सुरू झाला, तोच आजचा 'व्लिस्को'. हार्लेममधल्या प्रेविनेर नावाच्या कारखानदारानं तर नोटा छापायच्या यंत्रात फेरफार करून कापडाच्या दोन्ही बाजूंना राळ लावणारं यंत्र बनवलं. मेणाऐवजी राळ, हाताऐवजी रूळ. पण एक घोटाळा झाला. राळ वाळली की तिला बारीक तडे जायचे, त्या तड्यांतून रंग आत झिरपायचा आणि कापडभर नको त्या रेषा उमटायच्या. जावातल्या गिऱ्हाइकाची नजर पिढ्यान् पिढ्या तयार झालेली. त्यांच्या लेखी हा दोष होता, ओबडधोबड काम. माल हवा तसा खपेना.

पश्चिम आफ्रिकेत, आज जिथं घाना आहे त्या गोल्ड कोस्टवर, लोकांना नेमका तो दोष आवडला. कारण तड्यांमुळं कुठलेही दोन वार एकसारखे निघत नाहीत. यंत्रातून आलेलं असून प्रत्येकीचं लुगडं वेगळं.

ते तिथं पोचलं कसं, याची एक गोष्ट सांगतात. डचांना जावात लढायला सैनिक हवे होते आणि युरोपियन सैनिक तापानं मरायचे. म्हणून १८३१ ते १८७२ या काळात त्यांनी गोल्ड कोस्टवरच्या एल्मिना बंदरातून सुमारे ३,००० आफ्रिकन माणसं भरती करून जावाला पाठवली. यातले बरेच जण गुलाम होते, त्यांचं मोल भरून त्यांना सैन्यात घेतलं आणि ते मोल पुढे त्यांच्याच पगारातून कापलं. जावात त्यांना म्हणायचे 'बेलांडा हितम', म्हणजे काळे डच. नोकरी संपल्यावर काही तिथंच राहिले, काही परतले. परतलेल्यांना एल्मिनात जी टेकडी मिळाली तिला आजही जावा टेकडी म्हणतात. आणि त्यांच्या ट्रंकांत बायकोसाठी, आईसाठी बाटिक होतं, तिथून ही आवड लागली, असं सांगितलं जातं. गोष्ट इतकी छान आहे की ती ऐकताना जरा सावधच राहावं. काही सैनिकांनी कापड आणलंही असेल, पण बाजार उभा राहतो तो ट्रंकांवर नाही, गोदामांवर. ते काम केलं एबनेझर ब्राउन फ्लेमिंग नावाच्या एका स्कॉटिश व्यापाऱ्यानं, १८९३ च्या सुमारास. हॉलंडमधून माल उचलायचा, गोल्ड कोस्टला उतरवायचा, तिथल्या गिऱ्हाइकाला काय आवडतं ते विचारून घ्यायचं आणि तशी नक्षी पुन्हा हॉलंडमध्ये बनवून घ्यायची.

आणि त्याच्याही कितीतरी आधी या किनाऱ्यावर परदेशी कापड येत होतंच, त्यातलं बरंचसं हिंदुस्थानातलं. गुजरातचं आणि कोरोमंडलचं सुती कापड युरोपियन जहाजांतून पश्चिम आफ्रिकेला जायचं आणि त्याच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. गुलामांच्या व्यापारात कापड हे चलनासारखं वापरलं गेलं. ते विणणाऱ्याला आपल्या ताग्याचं पुढं काय होतं हे कळायचा काहीच मार्ग नव्हता. पण आपल्याकडच्या कापडाच्या इतिहासात हे पान आहे, आणि आपण ते सहसा उघडत नाही.

जरा विषयांतर. चतुर्थीला तुमच्या घरी साबुदाण्याची खिचडी होत असेल. साबुदाणा ज्यापासून करतात तो कसावाचा कंद दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच. शेंगदाणा तिकडचा. हिरवी मिरचीसुद्धा तिकडचीच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली. आपल्या सगळ्यात सोवळ्या पदार्थात तूप-जिरं सोडलं तर उरतं काय? आजीला हे सांगून बघा. ती म्हणेल, "बरं, मग? खिचडी माझीच आहे." आणि तिचं चुकतं असं मला वाटत नाही.

कारण त्या कापडाचंही पुढं तेच झालं. छापणारे डच, पण नावं ठेवल्याशिवाय कापड चालेना, आणि नावं ठेवत होत्या बाजारातल्या बायका. अक्रा, लोमे, अबिजान इथल्या ठोक विक्री करणाऱ्या बायका. हॉलंडहून नवीन नक्षी आली की तिला कारखान्यात फक्त नंबर असायचा. बाजारात तिचं बारसं व्हायचं. पिंजऱ्यातून उडणाऱ्या पक्ष्याची एक नक्षी आहे. तिचं नाव 'तू बाहेर गेलास तर मीही जाते'. नवऱ्याचे बाहेर धंदे चालू असतील तर बायको एक शब्द न बोलता ते नेसून जेवायला वाढते. झाला निरोप! एक नक्षी उडत्या पाखरांची, अर्थ असा की पैसा असाच उडून जातो. एका नक्षीचं नाव 'मिशेल ओबामाची पर्स'. म्हणजे आपण स्टेटस ठेवतो तसं त्या नेसतात.

टोगोमधल्या लोमे शहरातल्या या व्यापारी बायका इतक्या श्रीमंत झाल्या की त्यांना 'नाना बेन्झ' म्हणायला लागले. नाना म्हणजे आई-आजी, मोठी बाई, आणि बेन्झ म्हणजे त्यांच्या दारातली मर्सिडीज. बड्या सरकारी पाहुण्यांसाठी गाड्या हव्या असल्या की सरकार यांच्याकडं मागायचं म्हणे. पुढं जानेवारी १९९४ मध्ये तिथल्या चलनाची किंमत एका फटक्यात निम्म्यावर आणली गेली, डच माल दुप्पट महाग झाला आणि पाठोपाठ चिनी नक्कल आली. नाना बेन्झांचा जमाना ओसरला. व्लिस्को मात्र आजही हॉलंडमध्ये कापड छापतं. २०१० मध्ये ती कंपनी एका ब्रिटिश गुंतवणूक कंपनीनं विकत घेतली.

तर कापड कुणाचं? बायकांनी नाव दिलं, अर्थ दिला, तेव्हा ते त्यांचं झालं, हे मला पटतं. आणि गल्ला कुठं जमला, हेही विसरता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच ताग्यात आहेत.

आता परत ब्रिक्स्टनच्या दुकानात. शोनिबारेच्या लक्षात आलं की 'अस्सल आफ्रिकन' मागणाऱ्या माणसाला देण्यासारखं याहून चांगलं काही नाही. दिसायला शंभर टक्के आफ्रिकन, आणि धागा ओढला की युरोपचा सगळा व्यापार बाहेर. तो तिथूनच कापड विकत घेत राहिला. आणि त्याचे कपडे शिवले, पण आफ्रिकन माणसांसाठी नाही. इंग्रज सरदारांसाठी.

इंग्लंडमध्ये गेन्सबरो या चित्रकाराचं १७५० च्या सुमाराचं एक प्रसिद्ध चित्र आहे, मिस्टर आणि मिसेस अँड्र्यूज. जमीनदार जोडपं, मागं पसरलेली त्यांची शेतजमीन, हाताशी बंदूक, पायाशी कुत्रा. चेहऱ्यांवर 'हे सगळं आमचं' असा भाव. शोनिबारेनं १९९८ मध्ये हे जोडपं पुतळ्यांच्या रूपात उभं केलं. तीच बैठक, तोच कुत्रा, तीच बंदूक. कपडे त्याच काळाच्या फॅशनचे, पण डच वॅक्सचे. आणि दोघांना डोकीच नाहीत. शेतजमीनही नाही. नुसते कपडे आणि ऐट.

डोकी का नाहीत? एक तर फ्रेंच राज्यक्रांतीत सरदारांची डोकी उडवली गेली, त्याचा हा खोडकर इशारा. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चेहरा नसला की वंश सांगता येत नाही. या पुतळ्यांच्या हातांचा रंगही मुद्दाम असा मधला ठेवलाय की गोरा म्हणता येत नाही, काळा म्हणता येत नाही. बघणारा माणूस सवयीनं शोधायला जातो की हा कोण, कुठला, आणि त्याच्या हाताला काही लागत नाही. 'तू मूळचा कुठला ना?' हा प्रश्न या पुतळ्यांना विचारताच येत नाही.

त्याच वर्षी त्यानं आणखी एक गंमत केली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका छानछोकी श्रीमंताचा दिवस, पाच फोटोंमध्ये. उशिरा उठणं, बिलियर्ड्स, मैफल, रात्रीचे रंगढंग. सगळे नोकर-चाकर, मित्र, लाचार हसणारे पाहुणे गोरे. मधला साहेब स्वतः शोनिबारे. आणि हे फोटो आधी कुठं लागले? लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर, जाहिरातींच्या जागी. आर्ट गॅलरीत आपण तयारीनं जातो. सकाळी साडेआठच्या गर्दीत समोर हे आलं तर माणूस आधी बघतो आणि मग विचार करतो.

पण त्याचं एकच काम बघायचं असेल तर मी २००३ चं 'स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका' सांगेन. आफ्रिकेसाठीची ओढाताण. त्यामागचा प्रसंग खरा आहे. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५, बर्लिनमध्ये बिस्मार्कनं परिषद भरवली. १४ देशांचे प्रतिनिधी आले. विषय आफ्रिका. व्यापार कुणी कुठं करायचा, नद्या कुणाच्या, किनाऱ्यावर ताबा सांगायचा तर नियम काय. त्या १४ मध्ये आफ्रिकेतला एकही माणूस नव्हता. भाऊबंदकीत जमिनीची वाटणी होते तेव्हा निदान भांडायला तरी सगळे भाऊ असतात. इथं ज्यांची जमीन त्यांनाच बोलावणं नाही. पुढच्या तीसेक वर्षांत इथिओपिया आणि लायबेरिया सोडले तर अख्खा खंड युरोपच्या नावावर चढला.

शोनिबारेनं एक लांब टेबल मांडलं, त्याच्या पृष्ठभागावर आफ्रिकेचा नकाशा. भोवती खुर्च्यांवर १४ पुरुष, व्हिक्टोरियन कोट-पँट, सगळे डच वॅक्सचे. कुणी पुढं झुकलंय, कुणी हात उंचावून मुद्दा मांडतंय, कुणी मागं रेलून बसलंय. डोकं एकालाही नाही. बघताना आधी हसू येतं. हे गृहस्थ ज्या खंडाचे तुकडे करतायत त्या खंडाचं म्हणून ओळखलं जाणारं कापड अंगावर घालून बसलेत, आणि ते कापड त्यांच्याच कारखान्यातलं. मग ते हसू हळूहळू ओसरतं.

२०१० साली तो आणखी मोठ्या चौकात गेला. लंडनचा ट्राफाल्गर चौक, मधोमध उंच खांबावर अ‍ॅडमिरल नेल्सन. चौकाच्या चार कोपऱ्यांत चार चौथरे. एकावर राजा चौथा जॉर्ज. दुसऱ्यावर जनरल चार्ल्स नेपियर. सिंध जिंकला तो हाच, १८४३ मध्ये, आणि सिंध नंतर आपल्या मुंबई इलाख्याला जोडला गेला. तिसऱ्यावर हेन्री हॅवलॉक. १८५७ च्या जुलैमध्ये कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करणारा हाच. म्हणजे लंडनच्या ऐन मध्यावरच्या तीनपैकी दोन चौथऱ्यांवर आपल्या इतिहासातली माणसं उभी आहेत! २००० साली लंडनचे तेव्हाचे महापौर केन लिव्हिंग्स्टन उघडपणे म्हणाले होते की हे दोन जनरल कोण ते मला ठाऊकच नाही, हलवूया त्यांना. नाही हलवले.

चौथा चौथरा पैशाअभावी दीडशे वर्षं रिकामा राहिला होता. आता तिथं आळीपाळीनं नवी कामं लागतात. शोनिबारेनं तिथं एक प्रचंड काचेची बाटली ठेवली, तोंडाला बूच लावलेली, आणि आत नेल्सनचं जहाज 'व्हिक्टरी', खऱ्याच्या एक तीसांश आकाराचं. ३७ शिडं, सगळी डच वॅक्स नक्षीची. आसपासचे पुतळे दगड-धातूचे, काळपट, गंभीर. आणि मध्येच हे लग्नघरासारखं रंगीत जहाज. नेल्सननं १८०५ मध्ये ट्राफाल्गरची लढाई जिंकली, समुद्र ब्रिटिशांना मोकळा झाला, साम्राज्य पसरलं. आणि त्याच समुद्री वाटांनी पुढं जगभरची माणसं लंडनला आली, शोनिबारेचे आईवडील धरून. शिडांवर वारा नेल्सनचा, नक्षी ब्रिक्स्टनची. लोकांना ते इतकं आवडलं की नंतर वर्गणी काढून ते कायमचं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाला मिळवून दिलं. आजही ते तिथं बाहेरच ठेवलंय.

आता थोडं त्याच्या विरुद्धही बोलते. ब्रिटिश सरकार दरवर्षी सन्मान देतं, त्यांच्या नावातच 'ब्रिटिश साम्राज्य' हा शब्द आहे. २००३ मध्ये कवी बेंजामिन झेफनाया यांना असा सन्मान देऊ केला, त्यांनी साफ नाकारला. साम्राज्य हा शब्द ऐकला की मला गुलामी आठवते, असं त्यांचं म्हणणं. लगेच पुढच्या काळात शोनिबारेला असाच सन्मान मिळाला. त्यानं तो घेतला, एवढंच नाही तर ती अक्षरं आपल्या नावाचा भाग म्हणून प्रदर्शनांच्या फलकांवर लावायला लागला. तो म्हणतो, बाहेर उभं राहून दगड मारण्यापेक्षा आत शिरून खोडी काढणं मला आवडतं. ट्रोजन घोड्यासारखं. ठीक आहे. पण घोडा आत नेऊन तिथंच तबेल्यात रमला तर? हा प्रश्न त्याला विचारला गेलाय आणि मलाही पडतो. झेफनाया यांचा नकार मला जास्त स्वच्छ वाटतो. खोडी कुणाची जास्त काळ टिकेल, ते मात्र सांगवत नाही.

दुसरी तक्रार, की किती वर्षं तेच ते कापड? काही कामांत ते सजावटीसारखं वाटतं, खरंय. पण मग २०१४ चं 'ब्रिटिश लायब्ररी' बघावं. कपाटांत ६,३२८ पुस्तकं, प्रत्येकाला डच वॅक्सचं कव्हर. कण्यांवर सोनेरी अक्षरांत लेखकाचं नाव नाही, तर बाहेरून ब्रिटनला आलेल्या माणसांची किंवा त्यांच्या मुलाबाळांची नावं. आणि मध्येच, त्याच कपाटात, बाहेरच्यांना येऊ देऊ नका म्हणणाऱ्यांचीही नावं. बऱ्याच पुस्तकांच्या कण्यावर काहीच नाही. त्या अजून लिहायच्यात.

शेवटचं प्रदर्शन सांगते, कारण तिथून मला एकदम मुंबईत यावं लागलं. २०२४ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत त्यानं साम्राज्यातल्या बड्या लोकांच्या सार्वजनिक पुतळ्यांच्या लहान प्रतिकृती मांडल्या. चर्चिल, व्हिक्टोरिया राणी वगैरे. पाडलेल्या नाहीत, मोडलेल्या नाहीत. नखशिखांत डच वॅक्सच्या नक्षीनं रंगवलेल्या. राणीच्या गालावर, मुकुटावर, झग्यावर फुलं-वर्तुळं. काही वर्षांपूर्वी, २०२० मध्ये, ब्रिस्टलला गुलामांच्या व्यापाऱ्याचा, एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा लोकांनी पाडून बंदरात फेकला होता. शोनिबारे तसं करत नाही. तो रंग लावतो.

व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला रंग. हे ऐकून तुम्हाला कुणी आठवलं का?

१८९६, मुंबई. तार ऑफिसजवळ राणीचा संगमरवरी पुतळा होता, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकारानं घडवलेला. एका रात्री कुणीतरी त्या पांढऱ्या संगमरवरावर डांबर ओतलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. शहर हादरलं. कुणी केलं ते कळेना. पुढच्या वर्षी, २२ जून १८९७ ला, राणीच्या राज्याला ६० वर्षं झाल्याच्या समारंभाच्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि दामोदर हरी चापेकर पकडले गेले. तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांनी सांगितलं की मुंबईचं डांबराचं काम आमचंच. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याला त्यांना फाशी झाली.

शोनिबारेच्या रंगाला बक्षिसं मिळतात, चापेकरांच्या रंगाचा शेवट फासाच्या दोरापर्यंत गेला. मधल्या सव्वाशे वर्षांत काय काय बदललं, ते या एका राणीच्या अंगावरच्या रंगात दिसतं.

आणि मला सगळ्यात आवडलेला तपशील पुढचाच आहे. ते डांबर काही केल्या निघेना. अखेर ज्यांनी ते काढलं ते प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, रसायनशास्त्राचे. त्यांचा खास विषय काय होता माहितीये? कापड रंगवणं. बडोद्याच्या कलाभवनात ते आपल्या मुलांना नव्या रासायनिक रंगांची विद्या शिकवत होते, इथला रंगारी युरोपच्या मालापुढं टिकावा म्हणून. राणीचा पुतळा दिला बडोद्याच्या राजानं, आणि ती धुऊन स्वच्छ केली बडोद्याच्या रंगाच्या मास्तरांनी.

१९६५ मध्ये मुंबईतले इंग्रजांचे पुतळे चौकांतून हलवले गेले. राणी आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तिच्या डोक्यावरची दगडी नक्षीदार छत्री गेली, ती एकटीच बसलीय. पेंग्विन बघायला गेलात तर उजव्या-डाव्या बाजूला न बघता सरळ आत जाऊ नका. तिचा फोटो काढा आणि मला पाठवा. आणि घरात कुणाकडं खरं डच वॅक्स असेल, नायरोबीच्या काकूंनी आणलेलं वगैरे, तर त्याच्या काठावर काय छापलंय ते वाचून सांगा. मी वाट बघते.

भेटू पुढच्या भागात.